क्षेत्रकार्य सर्व विद्यार्थ्यांसाठी : सुरत परिसराच्या निमित्ताने



रसायनशास्त्राची प्रयोगशाळा महाविद्यालयाच्या इमारतीत असते. भूशास्त्राची प्रयोगशाळा नदीच्या काठावर, खाणीच्या कडेला, विहिरीच्या तोंडाशी आणि समुद्राच्या पुळणीवर पसरलेली असते. म्हणूनच या विषयाच्या अभ्यासक्रमात क्षेत्रकार्यास, म्हणजे प्रत्यक्ष जागेवर जाऊन खडक पाहणे, मोजणे, नमुने घेणे आणि नकाशा तयार करणे या कामास, मानाचे स्थान दिलेले आहे. ज्या विद्यार्थ्याचे क्षेत्रकार्य राहिले त्याचे शिक्षण अपुरे राहते. पुढे भूजल सर्वेक्षण, खनिजांचा शोध, धरणाच्या पायाची तपासणी, दरडी कोसळण्याच्या जागांची पाहणी अशी जी कामे शासनाकडे व उद्योगांकडे असतात, त्यांची वाटही त्याला तेथेच बंद होते.

ही वाट कोणाला बंद होते, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. क्षेत्रशिबिराचे वेळापत्रक आखताना शिक्षकांच्या डोळ्यांपुढे जो विद्यार्थी असतो तो बहुधा एकाच साच्यातला असतो. तो तरुण आहे, धडधाकट आहे, पुरुष आहे, घरून त्याला पैसे मिळतात, आणि रात्री तो कोठेही पथारी पसरू शकतो. या साच्यात न बसणाऱ्यांची संख्या मोजू गेल्यास अर्धा वर्ग त्यात येतो. विद्यार्थिनी आल्या, पायाने अधू, दृष्टीने वा श्रवणाने मंद असलेले विद्यार्थी आले, दम्याचा वा मधुमेहाचा विकार असलेले आले, आणि शिक्षण चालू ठेवण्यासाठी नोकरी करणारे तर हमखास आले. यांपैकी पुष्कळ जण तक्रार करीत नाहीत. ते मुळात हा विषयच निवडत नाहीत, आणि मग भूशास्त्राकडे मुली येत नाहीत, गरिबांची मुले येत नाहीत, असे खुशाल म्हटले जाते.

या प्रश्नासाठी सुरतचा परिसर डोळ्यांपुढे ठेवणे सोयीचे आहे. ताप्तीचे पाणी खानदेशातून वाहत सुरतेस पोचते आणि त्या पाण्याच्या मागोमाग खानदेशातील हजारो कुटुंबेही तेथे पोचली आहेत. उधना, लिंबायत या भागांत यंत्रमागांवर काम करणारी मराठी वस्ती मोठी आहे. सुरत महानगरपालिकेच्या शाळांमध्ये मराठी माध्यमाच्या शाळाही आहेत. सुरत–भुसावळ लोहमार्गावरील नवापूरचे स्थानक तर अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. खडकांच्या दृष्टीने पाहिल्यास ही सीमा अस्तित्वातच नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास ओतल्या गेलेल्या लाव्ह्याचा काळा पाषाण नंदुरबारला आहे तोच सोनगड–उकाई भागात आहे. सीमेच्या अलीकडील शिक्षकांना आणि अधिकाऱ्यांनाही हे विवेचन म्हणूनच उपयोगी पडावे.

सुरतेहून एका दिवसात

क्षेत्रकार्य म्हणजे डोंगर चढणे, ही समजूत इतकी रूढ आहे की डोंगर नसलेल्या जागी शिबिर नेणे अनेकांना कमीपणाचे वाटते. वस्तुतः सुरतेहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल एवढ्या अंतरात पृथ्वीच्या इतिहासाची चार-पाच निरनिराळी पाने उघडी पडलेली आहेत, आणि त्यांतील बहुतेक पाने मोटारीच्या रस्त्याला लागून आहेत.

पूर्वेकडे गेल्यास बेसाल्ट लागतो. दगडाच्या खाणी आणि रस्त्यांसाठी कापलेल्या कडा यांत लाव्ह्याचे थर एकावर एक रचलेले दिसतात. दोन थरांच्या मधोमध कोठे कोठे तांबड्या मातीचा पट्टा असतो. त्यास बोल म्हणतात. एक लाव्हा थंड होऊन दुसरा येईपर्यंत जो काळ गेला, त्याची ती खूण मानली जाते. त्याही पुढे, नंदुरबार–धुळे भागात, जमिनीच्या भेगांत घुसून थिजलेल्या लाव्ह्याच्या भिंती आहेत. भोवतालचा मऊ खडक झिजून गेल्यामुळे या भिंती शेतांतून लांबच लांब टेकड्यांसारख्या उभ्या दिसतात. भूशास्त्रज्ञ त्यांना डाइक म्हणतात. त्या पाहण्यासाठी त्यांच्यावर चढण्याचे कारण नाही. त्यांची दिशा, लांबी आणि परस्परांपासूनचे अंतर ही दुरूनच नीट कळतात, रेल्वेच्या खिडकीतूनसुद्धा.

पश्चिमेस डुमसचा किनारा आहे. तेथील वाळू काळसर आहे, कारण तिच्यात लोहयुक्त जड खनिजे मिसळलेली आहेत. साधा लोहचुंबक कागदात गुंडाळून वाळूवरून फिरविला की काळे कण त्याला चिकटून येतात. बेसाल्टची झीज, नदीने केलेली वाहतूक आणि लाटांनी केलेली निवड हे तीन धडे एका मुठीत मिळतात. मात्र खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतील अंतर फार मोठे असते आणि ओहोटीत उघडा पडलेला चिखल पायाखाली दगा देतो. त्यामुळे भरतीचे कोष्टक पाहिल्याखेरीज कोणाही विद्यार्थ्यास, मग तो कितीही चपळ असो, पाण्याकडे सोडू नये.

खुद्द शहरात ताप्ती आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरतेचा फार मोठा भाग बुडाला. पुराच्या पाण्याची पातळी, गाळाचे थर, नदीचे वळण आणि त्या वळणाच्या आतील बाजूस वाढलेली वस्ती यांचा अभ्यास सपाट रस्त्यावरून, चाकाच्या खुर्चीतूनही करता येतो. ज्या विद्यार्थ्याच्या घरात त्या वर्षी पाणी शिरले होते त्याच्या आईवडिलांजवळ त्या पुराची जी माहिती असेल ती कोणत्याही पुस्तकात नाही. पुराच्या पातळीची नोंद घेण्याचे काम ज्यांना रात्री घराबाहेर राहता येत नाही अशांकडे सोपविल्यास त्यांच्या क्षेत्रकार्याला कोणी दुय्यम म्हणू शकणार नाही.

वस्तानचे उदाहरण

या सर्वांत अधिक बोलके उदाहरण सुरत जिल्ह्याच्या मांगरोळ तालुक्यातील वस्तान येथील लिग्नाइटच्या खाणीचे आहे. लिग्नाइट हा कोळशाचाच एक कच्चा प्रकार. वीजनिर्मितीसाठी तो काढला जात असताना त्याच्या थरांमध्ये असलेल्या गाळात सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म सापडले आणि जगभरच्या शास्त्रज्ञांचे लक्ष या खाणीकडे वेधले गेले. जगातील अतिप्राचीन वटवाघळांपैकी काहींचे दात, लहान सस्तन प्राण्यांचे जबडे, बेडूक, साप व पक्षी यांची हाडे तेथे मिळाली. २००५ मध्ये वर्णन केलेला कॅम्बेथेरियम हा प्राणी तेथलाच. घोडे आणि गेंडे ज्या वर्गात मोडतात त्या वर्गाच्या मुळाशी तो अगदी जवळचा असल्याचे पुढील अभ्यासातून दिसून आले. वस्तान आणि जवळच्याच तडकेश्वरच्या खाणीत अंबर, म्हणजे झाडाच्या राळेचा दगड झालेला गोळा, विपुल मिळाला. ती राळ शालवृक्षाच्या कुळातील झाडांची होती, आणि तिच्यात अडकलेल्या कीटकांचा वृत्तान्त २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानचा भूखंड दक्षिणेकडून सरकत येऊन आशियाला भिडला तो काळ याच सुमाराचा असल्याने या लहानशा खाणीला एवढे महत्त्व आले.

आता हे शोध लागले कसे, हे पाहण्यासारखे आहे. वटवाघळाचा दात हा टाचणीच्या डोक्याएवढा असतो. तो खाणीच्या भिंतीवर डोळ्यांनी दिसत नाही. गाळ पोत्यांत भरून आणावा लागतो, पाण्यात भिजवून बारीक चाळण्यांतून धुवावा लागतो, आणि उरलेला कण न् कण सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो. पोती उचलणारे मजबूत खांदे या कामात हवेतच, पण शोध लागतो तो चाळणीपाशी आणि सूक्ष्मदर्शकापाशी, जेथे माणूस बसलेला असतो. ज्याला खाणीच्या उतारावरून खाली जाता येत नाही असा विद्यार्थी चाळणीपाशी बसला तर त्याच्यावर दया केली असे होत नाही. त्याने कामाचा मुख्य भाग केला असे होते. त्याच भागातील चुनखडीत नाण्यांसारखे चपटे, गोल जीवाश्म मिळतात. त्यांना न्यूम्युलाइट म्हणतात. ते हाताच्या बोटांना स्पष्ट जाणवतात.

बोटांनी जीवाश्म ओळखण्याची कल्पना कोणाला चमत्कारिक वाटल्यास एका शास्त्रज्ञाचे उदाहरण देता येईल. हॉलंडमध्ये १९४६ साली जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात प्राध्यापक झालेले खेरात वर्माय हे वयाच्या तिसऱ्या वर्षापासून अंध आहेत. शंखशिंपल्यांच्या कवचांवरील कंगोरे, भोके आणि मोडून पुन्हा सांधलेल्या कडा ते बोटांनी तपासतात. भक्षक आणि भक्ष्य यांच्यातील कोट्यवधी वर्षांच्या चढाओढीबद्दलचा त्यांचा सिद्धान्त अशा निरीक्षणांवर उभा आहे, आणि त्यासाठी ते पॅसिफिकमधील बेटांच्या किनाऱ्यांवर स्वतः हिंडले. डोळस माणसांनी ज्या खुणा पाहूनही ओलांडल्या त्या त्यांच्या बोटांना सापडल्या, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

विद्यार्थिनींच्या संदर्भात

स्त्रियांना हे काम झेपत नाही, हा आक्षेप आता कालबाह्य झाला आहे. १९८३ च्या अखेरीस भारताची तिसरी अंटार्क्टिका मोहीम निघाली तेव्हा तीत दोन स्त्रिया होत्या. एक जादवपूर विद्यापीठातील भूशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता आणि दुसऱ्या सागरशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत. डॉ. पंत या जन्माने नागपूरच्या. बर्फाच्या खंडावर ज्या स्त्रिया काम करून आल्या त्यांच्या देशात खाणीच्या कायद्याने मात्र स्त्रियांना भूमिगत खाणीत नोकरी करण्यास १९५२ पासून मनाई होती, आणि ती २०१९ मध्ये शिथिल झाली. दीर्घकाळ टिकलेल्या अशा नियमांचा परिणाम कायदा बदलल्यावरही मनांत राहतो. मुलीला भूशास्त्र शिकवून उपयोग काय, असे पालक विचारतात तेव्हा ते अगदीच निराधार बोलत नसतात.

तथापि विद्यार्थिनींची खरी अडचण बहुतेक वेळा फार साधी असते आणि ती बोलून दाखविण्याचा संकोच हीच तिची मोठी बाजू असते. आठ-नऊ तासांच्या भटकंतीत शौचालय कोठे आहे, हे कोणी सांगत नाही. परिणामी मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि उन्हात घेरी येऊन बसतात. मग त्या दुबळ्या ठरतात! मासिक पाळीच्या दिवसांत तर पुष्कळ जणी काही तरी निमित्त सांगून येण्याचे टाळतात. यावर उपाय खर्चाचा नाही. मार्ग आखतानाच दर दोन-अडीच तासांनी शाळा, ग्रामपंचायत, पेट्रोल पंप वा आरोग्य केंद्र लागेल असे पाहावे. त्या जागांची यादी, आवश्यक वस्तूंच्या पेटीची जागा आणि बरोबर असलेल्या शिक्षिकेचे नाव शिबिराच्या पत्रकात सर्वांसाठी छापावे, म्हणजे कोणाला वेगळे विचारावे लागणार नाही. पालकांची एक सभा आधी घेऊन मुक्कामाची जागा दाखवावी. ज्या घरांतून मुलीला रात्री बाहेर राहू देणे अशक्य आहे, तेथे हट्ट न धरता एकेका दिवसाच्या सहलींची बेरीज पूर्ण शिबिराइतकी धरावी. वर सांगितल्याप्रमाणे सुरतेच्या परिसरात हे सहज शक्य आहे.

पैशाचा विषय थोडक्यात पण रोखठोक मांडला पाहिजे. प्रवासखर्च, भोजन, बूट, हातोडी, होकायंत्र आणि भिंग यांचा खर्च एका वेळी मागितला की यंत्रमाग कामगाराच्या घरात तो महिन्याच्या किराण्याशी झगडतो. शिवाय जो विद्यार्थी संध्याकाळच्या पाळीत काम करतो त्याची आठवडाभराची मजुरी जाते, आणि ही तूट कोणाच्या हिशेबात धरली जात नाही. हातोडी आणि होकायंत्र विभागाने ठेवावे व ग्रंथालयातील पुस्तकाप्रमाणे देऊन परत घ्यावे. शिबिराची तारीख वर्षारंभीच जाहीर करावी, म्हणजे पाळी बदलून घेता येते.

दर्जा घसरेल काय?

दिव्यांगजनांच्या हक्कांसंबंधीचा २०१६ चा कायदा उच्च शिक्षण देणाऱ्या शासकीय व अनुदानित संस्थांत त्यांच्यासाठी किमान पाच टक्के जागा राखून ठेवण्यास सांगतो, आणि त्यांच्या गरजेनुसार वाजवी सोय करून देणे ही संस्थेची जबाबदारी मानतो. प्रवेश द्यावा आणि शिबिराच्या दिवशी वसतिगृहात बसवून ठेवावे, हे या कायद्याच्या हेतूशी विसंगत आहे. तरीही जुन्या, अनुभवी आणि विद्यार्थ्यांवर मनापासून माया करणाऱ्या शिक्षकांकडून एक शंका पुढे येते: अशा सवलती दिल्यावर दर्जा राहील काय?

ही शंका उडवून लावण्यासारखी नाही. तिचे उत्तर असे की, क्षेत्रकार्यातून नेमके काय शिकावयाचे ते प्रथम लिहून काढावे. थर कोणत्या दिशेला आणि किती अंशांनी कलला आहे ते मोजणे, दोन खडकांची सीमा ओळखणे, ती नकाशावर उतरविणे, कोणता खडक आधीचा आणि कोणता नंतरचा हे कारणांसह सांगणे, ही कौशल्ये आहेत. यांत कोठेही सूट देण्याचे कारण नाही. दिवसात पंधरा किलोमीटर चालणे हे या यादीत येत नाही. ते एक साधन आहे, आणि साधन बदलता येते. गुण देताना मात्र नकळत चालण्यालाच गुण दिले जातात. जो सर्वांत आधी टेकडीवर पोचला त्याच्याविषयी शिक्षकाचे मत चांगले होते, आणि जो खाली बसून अचूक रेखाटन करीत होता तो मागे पडला असे समजले जाते.

अर्थात सर्वच जागा सर्वांना गाठता येतील असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. काही कडे, काही ओढे असे आहेत की तेथे ठरावीक विद्यार्थीच जाऊ शकतील, आणि काही नोकऱ्यांत रोज तसेच काम करावे लागते. हे विद्यार्थ्याला आरंभीच स्पष्ट सांगावे, निवड त्याची. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने अशा जागांसाठी २००६ च्या सुमारास एक पद्धत सुरू केली. विद्यार्थी रस्त्यापर्यंत वाहनाने येतो, त्याचा सहकारी यंत्रे घेऊन खडकाजवळ जातो, आणि दोघांत चित्र व आवाज यांचा थेट संबंध राहतो. यातील मर्म असे की, कोणता भाग जवळून दाखवावयाचा, कोठे मोजमाप घ्यावयाचे, कोणता नमुना तोडावयाचा, हे रस्त्यावरील विद्यार्थी सांगतो. निरीक्षण त्याचे असते. त्या वेळी यासाठी खास यंत्रणा उभी करावी लागली; आज दोन साध्या मोबाइल फोनवर हे काम होते. नुसती छायाचित्रे दाखवून घरी बसविणे आणि ही पद्धत यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि तो फरक पुसला जाण्याचा धोका सध्या मोठा आहे, कारण पडद्यावरची सहल स्वस्त पडते.

आणखी एक बाब सहज सुटते. भूशास्त्रीय नकाशे रंगांनी भरलेले असतात आणि काही विद्यार्थ्यांना, त्यातही मुलींपेक्षा मुलग्यांना पुष्कळ अधिक प्रमाणात, तांबडा व हिरवा रंग वेगळे ओळखता येत नाहीत. अनेकदा स्वतः त्यांनाही हे ठाऊक नसते. नकाशावर रंगांबरोबर रेघा आणि अंक छापले की त्यांची अडचण दूर होते. वर ज्या बोल मातीचा उल्लेख झाला, तिचा तांबडा पट्टा अशा विद्यार्थ्याला दिसणार नाही. पण नखाने खरडल्यास वरचा पाषाण जराही हलत नाही आणि बोल भुगा होऊन पडते. ही परीक्षा सगळ्याच विद्यार्थ्यांना शिकविली, तर ती रंगापेक्षा अधिक भरवशाची आहे.

गावाचे आणि अधिकाऱ्यांचे साहाय्य

तालुक्याच्या अधिकाऱ्यांना शिबिराची सूचना महिनाभर आधी मिळाल्यास विश्रामगृहातील तळमजल्याची खोली राखून ठेवता येते, आश्रमशाळेचे सभागृह देता येते, आरोग्य केंद्रास कळविता येते. खाणमालकांशी बोलून गाडी कडेपर्यंत नेण्याची परवानगीही अधिकाऱ्यांच्या शब्दाने लवकर मिळते. सूचना आदल्या दिवशी आली, तर यातील काहीच होत नाही आणि सर्वांत अधिक गैरसोय त्यांचीच होते ज्यांना सोयीची गरज आहे.

गावकऱ्यांकडे याहून मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे त्यांचे ज्ञान आणि त्यांची भाषा. मुरूम, मांजऱ्या, गारगोटी, काळा पाषाण हे शब्द विहीर खोदणाऱ्यांनी घडविलेले आहेत आणि ते काटेकोर आहेत. सोनगड, उच्छल, नवापूर या भागांतून येणाऱ्या आदिवासी विद्यार्थ्यांना आपल्या शिवारातला कोणता ओढा उन्हाळ्यातही वाहतो हे लहानपणापासून ठाऊक असते. इंग्रजी संज्ञा येत नाहीत म्हणून ते वर्गात गप्प बसतात. नोंदवहीत पहिली नोंद स्वतःच्या भाषेत करू दिली आणि शास्त्रीय संज्ञा संध्याकाळी तिच्यासमोर लिहिली, तर हा विद्यार्थी बोलू लागेल, आणि गावकऱ्यांशी बोलण्याचे कामही तोच सर्वांत चांगले करील.

हिवाळ्यानंतर गावोगाव विहिरींचे खोदकाम सुरू होते. नव्या विहिरीत उतरणे धोक्याचे असते आणि विद्यार्थ्यांनी उतरूही नये. पण विहिरीच्या काठावर काढून टाकलेल्या दगडमातीचा ढीग असतो. त्यात तळाशी माती, तिच्यावर मुरूम, मग मांजऱ्या आणि अगदी वर शेवटी निघालेला काळा पाषाण असा विहिरीचा उलटा क्रम लागलेला असतो. हातोडी, भिंग आणि मोजपट्टी घेऊन त्या ढिगापाशी बसावे, किती हातांवर कोणता दगड लागला व पाणी कोठे फुटले ते खोदणाऱ्याला विचारावे, आणि विहिरीचा उभा छेद कागदावर काढावा. शेताच्या मालकाने बसावयास एक बाज आणि प्यावयास पाणी दिले, तर वर्गातील प्रत्येक विद्यार्थी हे काम करू शकतो. आणि विहीर खोदणाऱ्याने तो छेद पाहून चूक दाखविली, तर शिक्षकांनी ती दुरुस्ती त्याच्या नावासह नोंदवून घ्यावी.